रुमालाखालच्या तारखा

बढतीला तिसऱ्यांदा नकार आला तेव्हा मी जुळे सोलापुरातल्या माझ्या घरी कूलरच्या तोंडासमोर खुर्ची ओढून बसले होते. स्क्रीनवर पुण्याहून आमचे डायरेक्टर होते. त्यांनी आधी "काय म्हणतंय सोलापूरचं ऊन?" असं विचारलं. देणारा माणूस हवापाणी विचारायला लागला की त्याच्या मुठीत काही नाही असं समजावं. एवढं मला बाजारानं लहानपणीच शिकवलेलं आहे.

"सांगा," मी म्हणाले.

"कमिटीचं म्हणणं असं पडलं की तुझ्या फाईलवरून तू नेमकं काय करतेस ते कळत नाही."

मी टेक्निकल प्रोग्राम मॅनेजर आहे. आमची कंपनी औषधांच्या गोदामांसाठी सॉफ्टवेअर बनवते. एकच वस्तू सात टीम मिळून बनवत असतात. एकीचं झालं नाही की दुसरीचं अडतं आणि त्या सातांत कुणी कुणाचा साहेब नाही. त्या सगळ्यांना ठरल्या तारखेला ठरल्या जागी आणून उभं करायचं, हे माझं काम. माझ्या हातात ना कुणाचा पगार ना कुणाची रजा. फक्त बोलणं आहे. नऊ वर्षांत माझी एकही मोठी तारीख चुकली नव्हती आणि मला हवं होतं ते सीनियरचं पद, जे मी शिकवलेल्या माणसांना मिळत होतं.

"कळत नाही?" मी म्हणाले. "मग नऊ वर्षं सगळं वेळेवर झालं ते कुणामुळं झालं? ग्रामदैवतामुळं?"

"अगं, तेच तर. तुझ्याकडं कधी काही बिघडतच नाही. कमिटीला वाटतं, काम सोपं असणार."

मी लॅपटॉप धाडकन मिटला. मिटल्यावर लक्षात आलं की त्यांचं वाक्य अजून पूर्ण झालेलं नव्हतं. बरं झालं.

माझे वडील शेळ्या-मेंढ्यांचे दलाल होते. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात त्यांची एक ठरलेली जागा होती, बाभळीखाली. घेणारा आणि विकणारा समोरासमोर उकिडवे बसायचे, मधे दलाल, हातावर रुमाल पडायचा आणि भाव रुमालाखाली बोटांनी ठरायचा. किती बोटं धरली, कोणतं पेर दाबलं, यावर आकडा. तोंडानं मात्र दोघं भलतंच बोलत असायचे: पाऊस, लग्न, सोयरिकी. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव तिघांनाच ठाऊक. दलालानं तो चौथ्याला सांगायचा नाही, हा कायदा. सांगितला तर पुढच्या बाजारी त्याच्या रुमालाखाली कुणी हात घालत नाही.

मी टेंपोच्या फाळक्यावर बसून बघायची. मला रुमालाखाली हात घालायला मिळणार नव्हता, बाईमाणसाचा हात परक्याच्या हातात कसा जाणार? म्हणून मी कोपरं बघायला शिकले. भाव पटत आला की विकणाऱ्याचं कोपर सैल पडतं. न पटता नुसता वेळ काढणारा मान जास्त हलवतो. दहा-बारा वर्षांची असताना मी घरी जाताना वडिलांना भाव अंदाजानं सांगायची आणि ते दचकायचे. "गप बस की," म्हणायचे, "कुनाम्होरं बोलू नगंस."

पुढं सोलापुरात कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला. पहिली नोकरी अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात, माल कधी तयार होणार हे कॉम्प्युटरवर चढवायची. तिथं कळलं की मालक विचारतो तेव्हा मागांवरचा मास्तर एक तारीख सांगतो आणि चहा पिताना दुसरी. मी चहाची तारीख चढवायला लागले. निर्यातवाल्यांचे ट्रक रिकामे परत जायचे थांबले. तिथून पुण्यात टेस्टिंगला, मग मीटिंगची टिपणं काढायला, कारण माझं इंग्रजी ऐकून मला बोलायचं काम देणं कुणाला पटेना. टिपणं काढता काढता मी कोपरं बघत होते. स्क्रीनवर कोपरं दिसत नाहीत, पण माणूस माइक किती वेळानं सुरू करतो ते कळतं.

मीटिंगमधली तारीख कधीच खरी नसते. वरचे लोक प्रत्येक तारीख कापतात, हे सगळ्यांना माहीत. म्हणून पाच आठवड्यांचं काम असलं की आठ सांगायचे. मी मीटिंग संपली की एकेकाला फोन करायची. "ते आठ राहू दे. मला खरं सांग. कुणाला कळणार नाही." आणि लोक सांगायचे. मी तो आकडा एका वहीत लिहायची, डावीकडं मीटिंगची तारीख, उजवीकडं फोनवरची. मांडणी उजवीकडच्या आकड्यांवर करायची, शिवाय दोन आठवडे माझ्या पोटात ठेवायची. ते कुणालाच ठाऊक नव्हते.

अशा रीतीनं मी मोठी झाले. को-ऑर्डिनेटरची प्रोजेक्ट मॅनेजर झाले, प्रोजेक्टची प्रोग्राम झाले आणि घरून काम करायची सोय निघाली तशी सोलापूरला परत आले. बरोबर वडिलांनाही आणलं. पण रुमालाखाली केलेल्या कामाचा कागद उरत नाही, ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. माझ्या हाताखाली शिकलेला एक सहकारी शेवटच्या आठवड्यापर्यंत सगळं सडू द्यायचा. मग खोली अडवायची, पिझ्झा मागवायचा, चाळीस मेल टाकायच्या, आग विझली की सगळ्यांचे जाहीर आभार मानायचे. त्याची फाईल जाडजूड. पद त्याला मिळालं. माणूस वाईट नाही. पण मला त्याचं नाव ऐकलं की अजून ॲसिडिटी होते.

तर लॅपटॉप मिटल्यावर मी ती वही काढली. चालू कामाचं पान उघडलं. जुनं सॉफ्टवेअर बंद करून सगळी गोदामं नव्यावर न्यायची होती, आजवरचं सगळ्यात मोठं काम. दोन रकाने, सात नावं. म्हटलं, पुरावा पाहिजे ना? हा घ्या. फोटो काढला आणि डायरेक्टरना पाठवून दिला. खाली लिहिलं, "मी हे करते."

पाठवताना मला फार बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

दोन दिवसांत काय झालं ते सांगते. डायरेक्टरांनी माझं भलं करायला म्हणून ते पान कमिटीला दिलं. कमिटीत या टीमचे वरचे लोक होते. त्यांनी आपापल्या माणसाला बोलावून विचारलं, पाचचं काम असताना आठ का सांगितलेस? आणि सातही तारखा कापून उजव्या रकान्यावर आणल्या. सहज. पेन्सिलीनं रेघ मारावी तशा.

डेटाबेसच्या टीमचा प्रमुख सोलापूरचाच, पूर्व भागातल्या विणकर घरातला. घरी तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी. तो मला पहिल्या दिवसापासून अक्का म्हणायचा. मीटिंगमध्ये सगळे इंग्रजी झाडत असताना हा मध्येच "अक्का, शेंगाचटणी आणली का?" असं लिहायचा. त्याचा मेसेज आला: "मॅडम, यापुढे जे विचारायचं ते मेलवर विचारा."

मी फोन केला. उचलला नाही. दुसऱ्याला केला, तोही नाही. संध्याकाळपर्यंत सातांपैकी एकानंही उचलला नाही.

वडील अंगणात खाटेवर बसले होते. त्यांना मी सगळं सांगितलं. सॉफ्टवेअर त्यांना कळत नाही. रुमाल कळतो.

"कुनाचा हात उघडा केलास?" त्यांनी विचारलं.

"सातही जणांचा."

त्यांनी बराच वेळ तंबाखू मळली. "मंग त्या बाजारात तुला आता गिऱ्हाईक न्हाय."

"ते मला कळलंय. आता करू काय ते सांगा."

"मला काय इचारतीस? मी तसलं कदी केलंच न्हाय."

माझा पारा चढला. "तुमी मला कदी हात तरी घालू दिलाता का रुमालाखाली? दिला असता तर शिकले असते की सगळं!"

"चपला मारल्या असत्या लोकांनी मला."

"मग उघड्यावर भाव बोलायचा होता, मीही बोलले असते."

"उघड्यावर खरा भाव सांगंल असा येडा कोन हाय? एकानं सांगितला की दुसरा तिथनंच खाली वडतो."

"आणि खाली ओढायचाच नाही असं आधी ठरलं असतं तर?"

ते हसले. "तसला बाजार म्या बगितला न्हाय, बाई. तुला कुटं गावला तर मला बी दाखीव."

ते चेष्टा करत होते. मी करत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी पुण्याला निघाले.

डायरेक्टरांच्या केबिनमध्ये मी खुर्ची घेतली आणि हवापाणी विचारलं नाही.

"मला एक शब्द हवा," मी म्हणाले. "खोलीत जो जी तारीख सांगेल ती कापायची नाही. कमिटीनं नाही, तुम्ही नाही. हे काम संपेपर्यंत."

"आणि कुणी फुगवून सांगितली तर?"

"तर फुगलेली राहील."

"अगं, मी क्लायंटला तारीख देऊन बसलोय. वरचे मला खातील."

"मला तीन वर्षं खाल्लं. मी आहे की अजून."

ते कपाळ चोळायला लागले. "बरं, बघू या."

"बघू या नको. लिहून द्या."

"आता लिहून काय द्यायचं त्यात?"

मी उठले, पर्स खांद्याला लावली, नमस्कार केला. बाजारात उठून चालायला लागलं की पाच पावलांत हाक येते. इथं केबिनचं दार गेलं, कॉफीचं मशीन गेलं, तरी हाक नाही. लिफ्टपाशी मी बटण दाबलं तेव्हा मागून हाक आली.

"लिहून देतो. पण मग माझंही एक ऐक. तुम्ही ठरवलेली तारीख चुकली तर या वर्षी तू पदासाठी अर्ज करायचा नाहीस."

"या वर्षी नाही, पुढच्याही नाही," मी म्हणाले. सौदा एवढा महाग करून ठेवावा की समोरच्याला मागं फिरायची लाज वाटली पाहिजे. लिफ्ट येऊन निघून गेली.

दुपारी सातही जण खोलीत बसले, पण कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. मी डायरेक्टरांचं पत्र मोठ्यानं वाचलं. मग म्हणाले, "पान मी पाठवलं. रागात पाठवलं. तुम्ही माझ्यावर विश्वास टाकून सांगितलं होतं, मी ते विकलं. चूक माझी."

टेस्टिंगची प्रमुख, जिभेची तिखट बाई, म्हणाली, "बरं. मग आता काय, पेढे वाटायचे?"

कुणीतरी हसलं. मला उत्तर सुचत होतं, चांगलं झणझणीत सुचत होतं. मी ते गिळलं. भिंतीवर मोठा कागद चिकटवला आणि सगळ्यात वर माझी ओळ लिहिली: 'दोन आठवडे. मी लपवलेले. तुमच्यापासून.'

"म्हणजे?" ती म्हणाली.

"म्हणजे प्रत्येक कामात मी दोन आठवडे पोटात ठेवत होते. या वेळेसही ठेवलेत."

"बघा बघा! आम्हाला 'उद्या दे, परवा दे' म्हणून सळो की पळो करायचीस आणि स्वतः दोन आठवड्यांवर मांडी घालून बसली होतीस?"

"हो."

खोलीत एकदम गलका झाला. शिव्याच खाल्ल्या म्हणा ना, सभ्य भाषेतल्या. पण गप्प बसलेल्या माणसांपेक्षा शिव्या देणारी माणसं बरी, ती अजून बाजारात असतात. गलका चालू असतानाच डेटाबेसवाला उठला. त्यानं माझ्या हातातून पेन घेतलं आणि आपल्या नावापुढं लिहिलं: 'सात आठवडे.'

मी म्हणाले, "फोनवर तू मला पाच सांगितले होतेस."

"सांगितले होते."

"मग सात कुठून आले?"

"सातच होते, मॅडम. नेहमीच सात असायचे." तो भिंतीकडं बघून बोलत होता. "तुम्ही फोन करायच्या. आपल्या गावच्या. अक्काला नाही म्हणवत नव्हतं."

"पण तू दर वेळेस वेळेवर दिलंस."

"रविवारी बसून."

"सगळे रविवार?"

टेस्टिंगची बाई म्हणाली, "त्याच्या पोरीच्या बारशाला तो लॅपटॉप घेऊन बसला होता. आम्ही गेलो होतो ना. तुला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. मला बारशाचं बोलावणं होतं, सोलापूरहून पुण्याला गेले नव्हते, फोनवर शुभेच्छा दिल्या होत्या आणि त्याच फोनवर तारीख विचारली होती. इतकी वर्षं मला अभिमान होता तो या एका गोष्टीचा, की मला खरा आकडा कळतो. कोपरं बघणारी मी. हा माणूस माझ्या रुमालाखालीसुद्धा भलतीच बोटं धरत होता, मला बरं वाटावं म्हणून. माझ्या न चुकलेल्या तारखांचा भाव त्याच्या रविवारांनी चुकवला होता.

तिथं पुन्हा माफी मागितली असती तर ती स्वतःच्याच समाधानासाठी झाली असती. मी दुसरं पेन काढलं आणि उरलेल्यांपुढं धरलं. एकेक जण उठून लिहीत गेला. तिघांच्या तारखा वहीतल्या उजव्या रकान्यापेक्षा लांबल्या. दोघांच्या चक्क अलीकडं आल्या, कारण कापतील या भीतीनं ते मला फोनवरही वाढवून सांगत होते आणि आता ती भीती नव्हती. सगळं जोडून पाहिलं तर तारीख क्लायंटला दिलेल्या दिवसाच्या दहा दिवस पुढं जात होती.

कागद गुंडाळून मी डायरेक्टरांपुढं ठेवला. त्यांनी दहा दिवस बघितले, मग मला बघितलं.

"थोडं तरी कमी..."

मी त्यांचंच पत्र कागदावर ठेवलं. त्यांनी क्लायंटला फोन लावला. माझ्यासमोर लावला, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

पुढचे दोन-अडीच महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात कंटाळवाणे गेले. फोन नाही, कानगोष्टी नाहीत. दर मंगळवारी सगळ्यांसमोर सगळे बोलायचे आणि मी लिहून पाठवायची: कोण कुठं अडलं, कुणी कुणासाठी काय सोडलं. कुणी खासगी मेसेज टाकला की मी उत्तर द्यायची, "मंगळवारी बोला." हात शिवशिवायचे. दोनदा मी फोन उचलून परत ठेवला. डेटाबेसचं काम सात आठवड्यांत झालं. त्या सात आठवड्यांत रविवारी त्यानं एकदाही काम केलेलं दिसलं नाही. मी दर सोमवारी सकाळी सिस्टिममधल्या नोंदी काढून आधी तेच तपासायची.

ठरल्या शनिवारी सकाळी जुनं सॉफ्टवेअर बंद केलं. जेवणाच्या वेळेला सगळी गोदामं नव्यावर चालत होती. पिझ्झा नाही, आरडाओरडा नाही. मी भाकरी खाल्ली आणि झोपले.

चौथ्या वेळेस मी अर्जासोबत तो भिंतीवरचा कागद जोडला, सात जणांच्या सात हस्ताक्षरांसकट, त्यांना विचारून. डायरेक्टरांनी या वेळी ऊन विचारलं नाही. पत्र आलं. सीनियर टेक्निकल प्रोग्राम मॅनेजर. खाली कारण लिहिलेलं होतं: 'लेखी संवादात लक्षणीय सुधारणा.'

मी तिथल्या तिथं फोन लावला.

"हे वाक्य काढा."

"अगं, पद मिळालंय ना? आता वाक्याचं काय घेऊन बसलीस?"

"भाव बरोबर लागलाय. जनावराचं वर्णन चुकीचं लिहिलंय. लंगडी होते, आता बरी झाले, असं लिहून दिल्यावर मी ते घेऊन जाऊ?"

"मग काय लिहू?"

"सात टीमकडून खऱ्या तारखा घेतल्या आणि पाळल्या, असं लिहा. नऊ वर्षं, हेही लिहा."

चार दिवसांनी दुसरं पत्र आलं. त्यात नऊ वर्षं होती. मी ते वडिलांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यो तुजा गाववाला आता बोलतो का?"

बोलतो. दर मंगळवारी बोलतो, स्वच्छ, खरं आणि सगळ्यांसमोर. नाही जमणार असेल तर नाही म्हणतो. मॅडम म्हणतो. पद मिळवायला मला चार वर्षं लागली. अक्का परत मिळवायला किती लागतील ते मला ठाऊक नाही, पण ते मी सोडलेलं नाही. पुढच्या महिन्यात त्याच्या मुलीचा वाढदिवस आहे, सोलापुरात, त्याच्या आईच्या घरी. बोलावणं सगळ्या टीमला आहे, मला वेगळं असं नाही. मी जाणार आहे, आणि फोन घरी ठेवून जाणार आहे.